विश्लेषण : खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा कोणाच्या भरवशावर?

७० वर्षे व त्यापुढील सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे कवच मिळाले. खुब्याचे हाड मोडलेल्या ज्येष्ठांच्या शस्त्रक्रियेचा खर्च त्यातून भागू शकतो. प्रश्न उरतो तो त्यानंतरच्या शुश्रूषेचा.

शुश्रूषा इतकी महत्त्वाची का?

हाड जुळायला साधारण तीन महिने लागतात. या काळात रुग्ण अंथरुणाला खिळला, तर हाडापेक्षा इतर त्रासच जिवावर बेततात : पाठीला-टाचांना बेडसोअर, न्यूमोनिया, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी.

परिचारिका नेमके काय करतात?

दर दोन तासांनी कूस बदलणे, टाचा गादीला टेकू न देणे, वेदनाशामक वेळेवर देणे, श्वासाचे व्यायाम करून घेणे. डॉक्टरांची परवानगी असल्यास दुसऱ्याच दिवशी वॉकरच्या आधाराने उभे केले जाते. पोटरी सुजून दुखणे किंवा अचानक दम लागणे दिसताच त्या डॉक्टरांना कळवतात.

मग अडचण कुठे?

योजनेत रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरचे १५ दिवसच धरले आहेत. पुढचा भार घरच्यांवर, बहुतेकदा सून किंवा मुलीवर पडतो. कूस कशी बदलायची, कोणती लक्षणे दिसताच रुग्णालय गाठायचे, हे त्यांना घरी जाण्याआधी शिकवणे आणि डिस्चार्ज कार्डावर औषधांबरोबर लिहून देणे, याला फारसा खर्च येत नाही. सुरुवात तिथून करता येईल.