सोपी वाट कुणासाठी?

महाबळेश्वर-पाचगणीला गेलं की घोडा मिळतो, बोट मिळते, मक्याचं कणीस आणि स्ट्रॉबेरी-क्रीम तर मिळतंच. बाजारात चौकशी केली तर गिअरची सायकलही भाड्याने मिळते. पण डोंगरात पहिल्यांदाच सायकल चालवणाऱ्याने ती कुठल्या वाटेने न्यावी, हे सांगणारी एक साधी पाटी मला कधी दिसलेली नाही. तिथे नवख्यांसाठी सोप्या, खुणा केलेल्या चार-पाच कच्च्या वाटा असायला हव्यात, आणि ही मागणी करणाऱ्यांत आपल्या उर्दू शाळा पुढे असायला हव्यात, असं माझं मत आहे.

सायकल आणि मुसलमान, हा काय विषय झाला, असं काहींना वाटेल. सांगते.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. दरवर्षी सहल निघते आणि दर दोन-तीन वर्षांनी ती महाबळेश्वरला जाते. तिथे मोकळा तास मिळाला की मुलं सायकली घेऊन पसार होतात. मुली घोड्यांच्या रांगेत उभ्या राहतात. घोड्याचा लगाम घोडेवाल्याच्या हातात, मुलगी वर बसलेली, अर्धी फेरी आणि एक फोटो. घोडेवाल्यांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्यात आपलेही बरेच लोक आहेत आणि हंगामाच्या चार पैशांवर त्यांचं वर्ष निघतं. पण नववीतल्या मुलीला आपल्या हाताने काही चालवायची संधी समोर असताना ती तिच्यापर्यंत का पोहोचत नाही, हा प्रश्न मला सोडत नाही.

मुलींना सायकल येत नाही म्हणावं तर तेही पूर्ण खरं नाही. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ तालुक्यांत शाळकरी मुलींना सायकली दिल्या जातात. आमच्याकडेही मोहल्ल्यातल्या लहान मुली भावाची सायकल पळवतात. सहावी-सातवीनंतर मात्र ती सुटते. कुणी मनाई केलेली असतेच असं नाही. अम्मी म्हणते, "अब बडी हुई", आणि सायकल भावाकडे जाते. मग नववीत डोंगरावर गेल्यावर तिच्या हाताला ब्रेकची सवय उरलेली नसते आणि समोर थेट उतार असतो. आमच्या एका विद्यार्थिनीने मला विचारलं होतं, "टीचर, आगे कितना उतार है?" अगदी योग्य प्रश्न. त्याचं उत्तर रस्त्याच्या कडेला लिहिलेलं असायला हवं.

हे उत्तर कसं लिहायचं, याची रीत जगात ठरलेली आहे. इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनच्या पद्धतीत वाटांना रंगखुणा असतात. पांढरं वर्तुळ म्हणजे सर्वांत सोपी, हिरवं वर्तुळ म्हणजे सोपी, निळा चौकोन म्हणजे मध्यम आणि काळा हिरा म्हणजे अवघड. हिरव्या वाटेची रुंदी निदान ३६ इंच हवी. सरासरी चढ ५ टक्के किंवा त्याहून कमी, म्हणजे शंभर मीटर गेल्यावर फार तर पाच मीटर उंची वाढावी. एखाद्या ठिकाणी चढ जास्त असला तरी तो १५ टक्क्यांपलीकडे नको, आणि टाळता न येणारा दगड किंवा मूळ दोन इंचांपेक्षा उंच नको. एवढंच. मोजपट्टी आणि दोन माणसं असली तर एखाद्या वाटेचं मोजमाप दिवसभरात होईल.

बीएडला आम्हाला प्रश्नपत्रिकेचा संविधान तक्ता करायला लावत. त्यात काठिण्य पातळीचा वेगळा रकाना असतो: सोपे, मध्यम, कठीण. सोप्या प्रश्नांशिवाय पेपर काढला तर तो परत येत असे. पर्यटनस्थळांना हा रकानाच नाही. आपल्याकडे डोंगरातली सायकल म्हटलं की घाट, शर्यत आणि अंगाला चिकटणारे कपडे घातलेले पुण्या-मुंबईचे गट. या खेळाचा जन्मही तसाच झाला. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या मरिन परगण्यात काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली उतारावरून सोडत, त्यातून माउंटन बाइक आली. धाडसाची ती प्रतिमा चिकटून राहिली आणि सोप्या वाटेला कुणी प्रतिष्ठाच दिली नाही. पहिलीच्या मुलाच्या हातात आपण अलिफ-बेचा कायदा देतो, दीवान-ए-गालिब देत नाही. इथे मात्र सरळ पसरणीचा घाट दाखवतो.

महाबळेश्वरात सोप्या वाटांना जागा आहे का? आहे, असं मला वाटतं. समुद्रसपाटीपासून साधारण १३५० मीटरवरचं ते पठार आहे. जुने रस्ते मोटारी येण्याआधी घोडे, पालख्या आणि बग्ग्यांसाठी काढलेले, त्यामुळे त्यांचे चढ सौम्य. जांभूळ, अंजनी, हिरड्याची सावली वर. त्या रस्त्यांना फुटणाऱ्या लाल मातीच्या वाटांवर जाड टायर चांगला चालतो.

अडचण आपल्या 'पॉइंट'च्या वेडात आहे. महाबळेश्वरचे जवळपास सगळे पॉइंट पठाराच्या काठावर आहेत आणि सगळे रस्ते तिकडे खेचतात. काठ म्हणजे कडा. नवख्याची वाट कड्याकडे जाता कामा नये, ती पठाराच्या पोटातून, झाडीतून फिरून परत बाजाराकडे यावी. शिवाय जाताना उतार लागला तर परतताना चढ लागणारच, आणि दम संपतो तो परतताना. म्हणून पाटीवर एका बाजूचं अंतर न लिहिता पूर्ण फेरीचं अंतर लिहायला हवं. तापोळ्याचा किंवा पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट हे नवख्याचं काम नाही, हेही त्याच पाटीवर स्पष्ट लिहावं.

पाचगणीचं टेबल लँड पाहून कुणालाही वाटेल की याहून सोपी जागा कुठली? सपाट, मोकळी, वर आभाळ. तिथे मात्र सायकल नको. अशा जांभ्याच्या सड्यांवर मातीचा थर बोटभर असतो आणि पावसाळ्यानंतरची सगळी फुलं त्याच थरावर जगतात. चाकाची एक चाकोरी पडली की पुढच्या पावसात तिचा ओहोळ होतो. हा सगळा भाग २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. त्यामुळे नवी वाट खोदू नये, आहे तीच वापरावी, आणि जंगलात शिरण्याआधी वनखात्याची परवानगी घ्यावी. सकाळी लवकर आणि संध्याकाळी गवे बाहेर पडतात, तेव्हा त्या वेळा सोडाव्यात.

आता घरातल्या हरकतीबद्दल. पालकसभेत दीनचं नाव येतंच. हजरत आयेशा यांच्याशी पैगंबरांनी धावण्याची शर्यत लावल्याची हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे, एवढं सांगून मी पुढे जाते. कारण माझ्या अनुभवात खरी काळजी धर्माची कमी आणि कपड्यांची व पडण्याची जास्त असते, आणि ती रास्त आहे. लेडीज सायकलला चेनवर पत्र्याचं झाकण असतं, माउंटन बाइकला बहुतेक वेळा नसतं. सलवारचा उजवा पायचा चेनमध्ये ओढला जातो. त्याला रबर लावायचं. दुपट्टा आणि बुरख्याचा घोळ मागच्या चाकात जातो, म्हणून कुर्ता गुडघ्याइतका आणि ओढणी आत खोचलेली. हेल्मेटखाली पातळ स्कार्फ चालतो, फक्त त्यात टाचणी नको. सीट इतकी खाली की दोन्ही तळवे जमिनीला टेकावेत. उतारावर पेडल आडवी, बूड थोडं मागे, आणि सुट्या मुरमावर पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही, मागचा हळूहळू धरायचा. आमच्या शाळेच्या मैदानात हे सगळं दोन तासांत शिकवून होतं.

सायकलवाल्यांनीही थोडं करावं. लहान चौकटीच्या चार सायकली ठेवाव्यात, हेल्मेट मागायची वेळ येऊ देऊ नये. वाटा सोप्या झाल्या तर त्यांचंच गिऱ्हाईक वाढेल. पन्नाशीतल्या खाला येतील, गुडघे सांभाळणारे मामू येतील. घोड्यांच्या वाटा मात्र वेगळ्या राहू द्याव्यात. मागून सायकल आली की घोडा बिचकतो, आणि पडलेल्या मुलीपेक्षा घोडेवाल्याचा दिवस अधिक वाया जातो.

पावसाळ्यात हा विचारही करू नये. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, वाटांवर शेवाळ. दिवाळीनंतर माती बसते, आणि आमच्या सहलीची पत्रकंही तेव्हाच निघतात. यंदा 'सोबत काय आणावे' या यादीत डबा, पाण्याची बाटली आणि स्वेटरच्या खाली मी 'दोन जाड रबरं' असं लिहिणार आहे.