निळा म्हणजे विश्वास, म्हणे

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला कम्युनिकेशन स्किल्स नावाचा विषय होता. त्यात प्रत्येकाने वर्गासमोर उभं राहून सात मिनिटं इंग्रजीत बोलायचं, पंचवीस मार्कांसाठी. आमच्या बॅचला विषय मिळाला रंग आणि त्यांचे अर्थ. चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या चिठ्ठीत निघालं: ब्लू.

मी परभणी जिल्ह्यातून, मराठी माध्यमातून आलेलो. डेटा स्ट्रक्चर्सच्या ओरलची मला भीती नव्हती. तिथे समोर माणूस एक आणि उत्तरही एकच. इथे समोर साठ जण. पुढचे तीन आठवडे हॉस्टेलच्या बाथरूममध्ये नळ सोडून ‘रिस्पेक्टेड मॅडम अँड माय डिअर फ्रेंड्स’ घोकत होतो. नळ यासाठी, की बाहेर ऐकू जाऊ नये.

मजकुराची मात्र चिंता नव्हती. एका सीनिअरच्या पेनड्राइव्हमध्ये तयार पीपीटी मिळाली. बहुतेक तुम्हीही ती कुठे ना कुठे पाहिली असेल. निळा म्हणजे विश्वास. निळा म्हणजे शांतता, स्थैर्य, बुद्धिमत्ता. मधे समुद्राचा फोटो, मग बँकांचे आणि कंपन्यांचे लोगो, शेवटी गुलाबाच्या फुलावर ‘थँक यू’. मी फक्त नाव बदललं.

हा लेख त्या पीपीटीच्या विरोधात आहे. नऊ वर्षं उशिरा लिहितोय, पण ती अजून फिरतेय. गेल्याच महिन्यात माझ्या चुलतभावाने मला तीच पाठवली, फॉन्टसुद्धा तोच.

आधी सोपा भाग. त्या पीपीटीतल्या एका स्लाइडवर लिहिलं होतं, फेसबुकने निळा निवडला कारण निळा म्हणजे विश्वास. मार्क झुकरबर्गला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. निळा त्याला सगळ्यात चांगला दिसतो, हे त्याने स्वतः २०१० साली मुलाखतीत सांगितलंय. म्हणजे एका माणसाच्या डोळ्यांची गोष्ट होती, तिचं आपण मानवजातीचं मानसशास्त्र करून टाकलं. गूगलने एका निळ्यासाठी ४१ छटा तपासल्या होत्या. त्याला वैतागून त्यांचा एक डिझायनर २००९ साली नोकरी सोडून गेला आणि तसं जाहीर लिहून गेला. त्या ४१ छटांमध्ये कुणी विश्वास शोधत नव्हतं. लोक कुठल्या छटेवर जास्त क्लिक करतात, एवढंच मोजत होते. मी आज तेच काम करतो, म्हणून ठामपणे सांगतो: आमच्या धंद्यात आधी आकडा येतो, अर्थ नंतर चिकटवला जातो.

आता जरा अवघड भाग. निळा म्हणजे शांतता, हे वाक्य घेऊन १८५९ सालच्या बंगालमध्ये जा. तिथल्या शेतकऱ्याला मळेवाले इंग्रज आगाऊ पैसे देऊन बांधून घेत आणि भाताच्या जमिनीत नीळ पेरायला लावत. त्या वर्षी शेतकऱ्यांनी नीळ पेरायला नकार दिला आणि बंड पेटलं. दीनबंधू मित्रांचं त्यावरचं ‘नीलदर्पण’ हे नाटक १८६० साली प्रसिद्ध झालं. त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला म्हणून जेम्स लाँग या पाद्र्याला एक महिना कैद आणि हजार रुपये दंड झाला. बिहारात चंपारणला शेतकऱ्याने वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांवर नीळ लावलीच पाहिजे, अशी सक्ती होती. १८९७ पासून जर्मनीतली कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आली, खऱ्या निळीचा भाव पडला, तरी सक्ती गेली नाही. ती जायला १९१७ सालचा गांधींचा सत्याग्रह आणि १९१८ सालचा कायदा लागला. आपला ‘निळा’ हा शब्द आणि ही नीळ एकाच मुळातून आलेत. आणि आपल्याच देशातल्या वर्गात, आपल्याच मुलांकडून, निळ्याचा अर्थ म्हणून समुद्र आणि बँक एवढंच वदवून घेतलं जातं.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं, असं म्हणून सुटता आलं असतं. पण एक अर्थ मला लहानपणापासून माहीत होता.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा लॅपटॉप टेबलावर ठेवून बाबांसमोर प्रॅक्टिस केली. बाबा एसटीत कंडक्टर होते, परभणी-जिंतूर. रोज साठ अनोळखी माणसांसमोर, चालत्या गाडीत, दांडीचा आधार न घेता बोलणारा माणूस. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं, पण सातही मिनिटं हात मांडीवर ठेवून नीट बसले. संपल्यावर म्हणाले, “आवाज बरा आहे. आपला झेंडा न्हाई का ह्यात?”

मी म्हणालो, “बाबा, ते वेगळं. हे रंगाच्या अर्थाबद्दल आहे.”

बाबा “हं” म्हणाले आणि चहा झाला का बघायला आत गेले.

दरवर्षी तेरा एप्रिलच्या रात्री बाबा शिडीवर चढून वस्तीतल्या कमानीला निळा झेंडा बांधायचे आणि शिडी मी धरायचो. १९४२ साली नागपुरात स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा झेंडा निळा होता. पुढे १९५७ साली रिपब्लिकन पक्ष आला, तोही निळाच घेऊन. निळाच का, याचं बाबांचं उत्तर ठरलेलं होतं: आभाळाचा रंग आहे, आभाळाखाली कुणी वरचं-खालचं नसतं. पंचशील ध्वजातली पहिली पट्टी निळी असते, करुणेची. आमच्या घरात निळ्याला एवढे अर्थ होते आणि मी बाबांना सांगत होतो की अर्थ दुसरीकडे असतो.

हॉस्टेलवर परतल्यावर ते “हं” काही डोक्यातून जाईना. एका रात्री मी सातवी स्लाइड केली. आमच्या कमानीचा फोटो, १९४२ हे साल, आभाळाबद्दलचं बाबांचं वाक्य. पाठांतर करावं लागलं नाही. नळही सोडावा लागला नाही.

प्रेझेंटेशनच्या दिवशी वर्गाबाहेर रांगेत उभं असताना मी ती स्लाइड डिलीट केली.

कुणी सांगितलं नव्हतं. मॅडमनी नाही, मित्रांनी नाही. पण पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मला किती जणांनी सीईटीचा स्कोअर विचारला होता आणि स्कोअर सांगितल्यावर किती जणांनी आडनाव विचारलं होतं, ते माझ्या लक्षात होतं. ती स्लाइड पडद्यावर आली असती तर साठ जणांना न विचारता उत्तर मिळालं असतं. लेझर पॉइंटरचा लाल ठिपका पडद्यावर थरथरत राहिला आणि मी सात मिनिटं समुद्र, बँक आणि विश्वासाबद्दल बोललो. पंचवीसपैकी एकवीस मिळाले.

माझ्यानंतर केशरी रंगाचा मुलगा उठला. त्याने पेनड्राइव्हवाली पीपीटी आणलीच नव्हती. तो आजीबरोबर वारीला गेला होता, त्याबद्दल बोलला: भगवी पताका खांद्यावर किती वेळाने जड होते, पावसात तिचा रंग कसा गडद होतो. इंग्रजी माझ्यापेक्षा कच्चं होतं. वर्ग टाळ्या वाजवत राहिला, मीही वाजवल्या. दिवसातलं सगळ्यात चांगलं भाषण तेच होतं, आजही तेच म्हणेन. पण त्याला घरातून रंग आणताना एकदाही दाराबाहेर थांबून विचार करावा लागला नव्हता. त्याची पताका संस्कृती होती. माझा झेंडा राजकारण ठरला असता, आणि तसं ठरवणारा पहिला माणूस मीच होतो.

माझं भांडण या वाटणीशी आहे. ‘सर्वसामान्य अर्थ’ नावाची एक जागा असते. तिथे कुणाचे अर्थ आपोआप बसतात आणि कुणाला आधी ओळखपत्र दाखवावं लागतं. बँकेचा निळा तटस्थ, आणि चौदा एप्रिलचा निळा ‘विशिष्ट समाजाचा’. अरे, बँकही विशिष्टच आहे की! लोगो हाही झेंडाच असतो. तो बांधायला शिडी धरणाऱ्याला पगार मिळतो, एवढाच फरक.

माझी आई बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी पांढऱ्या साडीला नीळ द्यायची. पांढरं कापड जुनं झालं की पिवळट दिसतं; बादलीत चिमूटभर नीळ घातली की ती झाक मरते आणि साडी नवी वाटते. कसब कशात, तर नीळ घातल्याचं कुणाला कळता कामा नये. डाग पडला की फसलं. तटस्थतेचंही तसंच आहे. ती पांढरीशुभ्र दिसते, कारण तिच्यात कुणीतरी रंग घातलेला असतो आणि तो कळू दिलेला नसतो.

यावर मला दोन उत्तरं नेहमी ऐकायला मिळतात. पहिलं: वर्ग म्हणजे काही राजकारणाचा फड नाही, उद्या प्रत्येक जण आपापला झेंडा घेऊन येईल. येऊ द्या. शिक्षकाने फक्त एक प्रश्न विचारावा: कशावरून? भगव्यालाही विचारावा, हिरव्यालाही, निळ्यालाही आणि ‘विश्वास’वाल्यालाही. मला खात्री आहे, सगळ्यात आधी गप्प बसेल तो ‘विश्वास’वाला.

दुसरं: हा विषय आत्मविश्वास यावा म्हणून असतो, मजकुराला महत्त्व नाही. माझा अनुभव नेमका उलटा आहे. मजकूर माझा असता तर माझा हात कमी थरथरला असता. दुसऱ्याचं वाक्य आपल्या तोंडात धरून ठेवायला फार जोर लागतो. गेल्या सहा वर्षांत मी वीसेक इंटरव्ह्यू दिले असतील. निळ्याचा अर्थ कुणी विचारला नाही. ‘हे असं का केलं, कशावरून’ हे मात्र प्रत्येकाने विचारलं. कॉलेजात नेमकं तेच कुणी विचारलं नव्हतं.

चुलतभावाला मी ती पीपीटी परत पाठवली नाही. फोन केला. त्याच्या चिठ्ठीत हिरवा निघालाय. म्हटलं, तुझ्या घरात हिरवं काय काय आहे ते आधी आईला विचार. तो म्हणाला, “दादा, मार्क जातील ना.” जातील कदाचित एक-दोन. माझे गेले नाहीत. मला एकवीस मिळाले आणि ते सांगायला मी घरी फोन केला, तेव्हा बाबांनी “छान झालं” म्हटलं आणि झेंड्याचं पुन्हा काही विचारलं नाही. आजतागायत विचारलेलं नाही.