तान्हा पोळा, गेडी आणि रेडीमेड किट

पुण्यात ऑफिसमधे "तान्हा पोळा" म्हटलं की निम्मे लोक विचारतात, हे काय असतं बुवा? तर आमच्याकडे, म्हणजे विदर्भात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा भरतो. चाकं लावलेला लाकडी बैल, त्याला दोरी, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरं. तो ओढत पोरं घरोघरी जातात आणि बोजारा (खाऊ नाहीतर पैसे) घेऊन येतात. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी ही प्रथा सुरू केली असं सांगतात. शेतात राबणाऱ्या बैलाचं मोल लहानपणीच कळावं, हा हेतू.

आता चंद्रपुरात काय दिसतं? बैल पोरापेक्षा उंच. तो ओढतात बाबा. सजावट केलेली असते आईने किंवा दुकानदाराने, आणि पोरगं शेतकऱ्याचा फेटा सावरत, घामाघूम होऊन फोटोसाठी उभं. स्पर्धा म्हटली की बक्षीस आलं, बक्षीस म्हटलं की मोठी माणसं मधे पडणारच. सण पोरांचा आणि हौस आपली!

त्यापेक्षा मला गेडी आवडते. गडचिरोलीकडच्या गावांतून आषाढातल्या जिवतीच्या अमावास्येला पोरांसाठी बांबूच्या गेड्या करतात. दोन उंच काठ्या, त्यांना पाय ठेवायला खुंट्या, की झालं. मग महिनाभर चिखलातून टक टक करत हिंडायचं आणि पोळा झाला की त्या गावाबाहेर नेऊन सोडून द्यायच्या. पुढच्या वर्षी नव्या. (याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला आपल्याच जंगलातला बांबू स्वतः विकण्यासाठी २०११ पर्यंत भांडावं लागलं, पण तो वेगळा विषय.) गेडीला स्पर्धेतलं "आकर्षक सजावट" वगैरे लागत नाही. खुंटी नीट बसली नाही तर पोरगं पडतं, एवढंच परीक्षण.

हे आठवायचं कारण म्हणजे ज्यूंचा सुक्कोत. या सणात घराबाहेर, अंगणात किंवा गच्चीवर तात्पुरता मांडव घालतात आणि सात दिवस त्यात जेवतात. नियम मोठे मजेशीर आहेत. छप्पर जमिनीतून उगवलेल्या आणि तोडलेल्या वस्तूचंच हवं, फांद्या, पानं, बांबू. सावली उन्हापेक्षा जास्त हवी, पण रात्री वर चांदण्या दिसाव्यात. भिंती दोन पूर्ण आणि तिसरीचा तुकडा असला तरी भागतं! पोरं कागदाच्या साखळ्या आणि फळं टांगतात. कर्मठ घरात शनिवारी कात्रीला हात लावायचा नाही, त्यामुळे घाई करून चालत नाही, आधीपासून बसावं लागतं. आणि सण संपला की मांडव मोडायचा. मोडायचाच असल्यामुळे तो सुबक करण्याचं ओझं कुणावर नाही.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींकडे पाहिलं तर याचं महत्त्व जास्त कळतं. तेलाचा घाणा चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. त्यांचं मुंबईतलं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं १७९६ साली. त्याआधी कित्येक पिढ्या सिनेगॉगही नाही आणि हिब्रू पोथ्याही नाहीत. सणांची हिब्रू नावंसुद्धा विसरली गेली, मराठी नावं राहिली. खिरीचा सण, नव्याचा सण, शिळा सण! म्हणजे धर्म टिकला तो घरात, स्वयंपाकघरात, पोरांच्या डोळ्यांसमोर जे केलं जात होतं त्यावर. फोटो काढायला कुणी नव्हतं.

हल्ली शहरात "माइंडफुल क्राफ्ट" नावाची किटं मिळतात. सगळे तुकडे कापलेले, भोकं पाडलेली, चौथ्या पायरीवर डिंक लावा. आमच्या धंद्यात याला 'नेक्स्ट-नेक्स्ट-फिनिश' म्हणतात. इन्स्टॉल होतं, समजत काहीच नाही. मन एकाग्र होतं ते अडल्यावर.

"वेळ कुठे आहे?" हा प्रश्न येणार. खरा आहे. पण चार वर्षाच्या पोराला कोऱ्या लाकडी बैलाचं एक शिंग पॉलिश पेपरने घासायला अर्धा तास सहज लागतो, आणि त्यात तुम्हाला फक्त शेजारी बसायचं असतं. दुसरं शिंग उद्या. हळदीत चुना कालवला की लाल रंग होतो, ही जादू दाखवायला दोन मिनिटं. झूल जुन्या साडीची, टाके वाकडे. ते रात्री गुपचूप उसवून सरळ करायचे नाहीत, ही मात्र आईबापाची खरी परीक्षा.

धानपट्ट्यातसुद्धा चिखलणीला आता ट्रॅक्टर आलेत. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडच्या काही पोरांनाही खऱ्या बैलाच्या खांद्यावरून हात फिरवायला मिळणार नाही, पुण्यातल्या पोरांचं तर सोडाच. त्यांच्या वाट्याला हा लाकडी बैलच येणार आहे. तोही बाबांनीच ओढायचा?