छोटी गिटार

"मामा, प्रवासात ब्लूज वाजवायला कुठली गिटार घेऊ?" परवा भाच्याने विचारलं.

म्हटलं, छोटी घे आणि स्वस्तातली घे. माझी महागडी जपण्याच्या नादात सहा वर्षं कपाटावरच राहिली. बोटांचे घट्टे गेले, वाजवणंही सुटलं.

प्लायवूडची गिटार हवाबदल निमूट सोसते. अखंड लाकडाला कोरड्या हवेत तडा जाऊ शकतो. तारेची लांबी कमी, म्हणून ताणही कमी. तार खेचणं सोपं. खर्ज थोडा कमी मिळतो, हे खरं. पण १९३६-३७ मध्ये २९ गाणी ध्वनिमुद्रित करणाऱ्या रॉबर्ट जॉन्सनच्या फोटोतही लहानखुरीच गिब्सन आहे!

घेताना बाराव्या फ्रेटवर सूर नीट लागतो का, तेवढं बघ.

असो. ओरखड्याची भीती नसलेली गिटारच रोज हातात येते.