कोळशाच्या गावाला कसले उद्यान हवे?

आपल्या जुन्या मराठी कुटुंबांत उद्यानाचा विषय निघाला की पुण्याचे एम्प्रेस गार्डन आणि हैदराबादचा बाग-ए-आम यांची नावे घेतली जातात व 'आमच्या बेल्लमपल्लीत काय आहे?' असा सुस्कारा टाकला जातो. हा सुस्कारा मला अप्रस्तुत वाटतो. कारंजे, विलायती गवत आणि सिमेंटचे हरीण यांनाच उद्यान समजायचे असेल, तर असे उद्यान नसलेलेच बरे. खरे हरीण पाहायचे तर कवाल अभयारण्य फार दूर नाही. २०१२ पासून ते व्याघ्र प्रकल्पही आहे.

मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. अशा गावात हिरवळीला रोज पाणी पाजायचे आणि माणसाने मात्र उन्हात उभे राहायचे, ही कसली रसिकता? सकाळ-संध्याकाळ तासभर उघडणारी बाग फिरायला जाणाऱ्यांच्या सोयीची. बाजाराला आलेल्या खेडूत बाईला किंवा खाणीतून निवृत्त झालेल्या कामगाराला सावली हवी असते ती दुपारी.

झाडांच्या निवडीतही हाच उथळपणा. २०१५ पासून 'हरितहारम' योजनेत राज्यभर रोपे लागली, हे स्वागतार्हच; परंतु त्यांत परदेशी कोनोकार्पसचा सुळसुळाट झाला. अखेर २०२२ मध्ये शासनालाच ती लागवड थांबवण्यास सांगावे लागले. गंमत अशी की हे झाड ऐन, अर्जुन, हिरडा, बेहडा यांच्याच कुळातले. घरचे चार भाऊ दाराशी उभे असता दूरचा चुलता आणायचे कारण काय?

'ते लवकर वाढते', हे उत्तर ठरलेले. मोहाला बहर यायला दहाएक वर्षे लागतात, हे खरे. पण ज्या गावाने खाणींचे हिशेब दशकांत मांडले, त्याला एका झाडासाठी दहा वर्षे जड व्हावीत?

मोहाला इथे इप्प म्हणतात, पळसाला मोदुगू, टेंभुर्णीला तुनिकी. ही नावे आपल्या आज्यांना दोन्ही भाषांत पाठ होती. नातवंडांना एकाही भाषेत येत नाहीत. नगरपालिकेला अर्ज द्यायचाच असेल, तर त्यात कारंज्याची मागणी नको. मोह, पळस, ऐन, चारोळी व कडुनिंब लावा, झाडांवर तेलुगू आणि मराठी नावांच्या पाट्या टांगा आणि फाटक दुपारी उघडे ठेवा, एवढेच लिहावे. पहिली दोन वर्षे पाणी घालण्याची पाळी आपल्या घरांनी वाटून घ्यावी.