पुष्पिका नसलेल्या पोथ्या

यंत्रांविषयी साहित्याच्या अभ्यासकांनी काही बोलावे असे आपल्याकडे सहसा घडत नाही. छापखान्याचा इतिहास आपण आस्थेने वाचतो, कारण त्याचा ग्रंथांशी थेट संबंध आहे. परंतु ज्या यंत्रांतून गीत, नाटक आणि चित्रपट घराघरांत पोहोचले, त्यांचा विचार विक्रेत्यांवर आणि दुरुस्ती करणाऱ्यांवर सोपवून आपण मोकळे होतो. एकाच वेळी पाच, दोनशे किंवा चारशे तबकड्या पोटात ठेवणारा सीडी-डीव्हीडी चेंजर हे असेच एक दुर्लक्षित यंत्र होय. आमच्यापैकी काहींनी हे यंत्र वर्षानुवर्षे वापरले आहे. त्या वापरातून आमचे जे मत बनले ते असे, की या यंत्राचा खरा दोष यांत्रिक नाही, तो सूचीचा आहे. कलाकृती सांभाळताना त्याने तिचे आणि तिच्या कर्त्याचे नाव तिच्यापासून दूर केले.

न उठता ऐकत राहण्याची इच्छा मात्र सीडीहून पुष्कळ जुनी आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या ग्रामोफोनच्या तबकडीची एक बाजू तीन-चार मिनिटांत संपे. दीर्घ रचना ऐकायची तर अनेक तबकड्या लागत, आणि त्या एका बांधीव पुस्तकात ठेवलेल्या असत. ‘अल्बम’ हा शब्द संगीतात रूढ झाला तो तेव्हापासून. पुढे एकावर एक रचलेल्या तबकड्या आपोआप खाली सोडणारी यंत्रे आली. त्यांच्या सोयीसाठी संचातील बाजूंचा क्रमही बदलण्यात आला : पहिल्या तबकडीच्या पाठीवर दुसरा भाग न येता शेवटचा भाग येऊ लागला. यंत्राच्या सोयीने संहितेची बांधणी बदलते, हे तेथेच दिसून आले होते. १९४८ साली दीर्घ वादनाची तबकडी आली, १९८२ साली जपानात सीडी विक्रीस आली आणि १९९६ साली तेथेच डीव्हीडी आली. एका सीडीत सुमारे ७४ मिनिटे मावत असूनही माणसाचे समाधान झाले नाही, आणि चेंजरचा जन्म झाला.

पाच तबकड्यांच्या चेंजरमध्ये त्या एका फिरत्या थाळीवर आडव्या असतात. मोठ्या यंत्रात त्या फडताळातील पुस्तकांसारख्या उभ्या, वर्तुळाकार खाचांत बसवलेल्या असतात. प्रत्येक खाचेला क्रमांक असतो. मागितलेली खाच फिरून समोर येते, तबकडी उचलली जाते, वाजते आणि परत जागेवर ठेवली जाते. हे पाहण्यात एक लहान मुलाचा आनंद आहे, तो आम्ही नाकारीत नाही. तक्रारीही सर्वांच्या जवळपास सारख्याच : एक तबकडी संपून दुसरी लागेपर्यंतची लांबलेली शांतता, कालांतराने सैल पडणारा रबरी पट्टा, धूळ बसलेले लेझरचे भिंग, मध्येच अडकलेली तबकडी आणि ती सोडवण्यासाठी उघडावे लागणारे झाकण. घर बदलताना सर्व तबकड्या आधी बाहेर काढाव्या लागत, ही आणखी एक कटकट. परंतु पट्टा बदलता येतो, भिंग पुसता येते. आम्हांस ज्याविषयी लिहायचे आहे ते इतक्या सहज दुरुस्त होणारे नाही.

जुन्या पोथीच्या अखेरीस पुष्पिका असते. ग्रंथाचे नाव, कर्ता, लेखनिक, क्वचित शक आणि स्थळ तीत नोंदलेले असते. बासनातील सुटी पाने विस्कटली तरी पानांवरील अंक आणि ही पुष्पिका यांच्या आधारे संपादक पोथी पुन्हा जुळवू शकतो. सीडीची मूळ रचना या दृष्टीने पाहावी. तीत ध्वनी असतो आणि कोणता भाग कोठे सुरू होतो याची तक्ता-नोंद असते; म्हणजे पानांवरचे अंक असतात, पुष्पिका नसते. १९९६ साली सीडीवर मजकूर नोंदण्याची सोय निघाली खरी, परंतु ती ऐच्छिक होती. नाव असते ते तबकडीच्या छापील पाठीवर आणि वेष्टनाच्या पुस्तिकेत. यंत्राला ते वाचता येत नाही, आणि तबकडी खाचेत गेली की मालकालाही दिसत नाही. चित्रपटाच्या डीव्हीडीचे तसे नाही. तिची श्रेयनामावली चित्रपटाच्या अंगातच असते. खाच कोणतीही असो, पडद्यावर नाव उमटतेच. एकाच यंत्रात शेजारी शेजारी बसलेल्या या दोन तबकड्यांपैकी एक सनाम आहे आणि दुसरी निनावी, हे आमच्या मते ध्यानात घेण्याजोगे आहे.

निर्मात्यांना याची जाणीव नव्हती असे नाही. मोठ्या चेंजरमध्ये प्रत्येक खाचेला नाव देण्याची सोय असे. रिमोटची कळ दाबत एकेक अक्षर निवडायचे. जागा मोजक्या अक्षरांची, आणि लिपी रोमन. मराठी भावगीतांचा किंवा अभंगांचा संग्रह बाळगणाऱ्याने काय करावे? बहुतेकांनी गायकाचे आडनाव तेवढे टिपले. काहींनी वहीत देवनागरीत यादी केली. ती वही हरवली की संग्रह मुका. वेष्टने खोक्यात भरून माळ्यावर गेली, आणि त्यांच्याबरोबर गीतकाराचे नाव गेले. गायकाला आवाज असतो, तो ओळखू येतो. कवीला आवाज नसतो. त्याचे अस्तित्व छापील ओळीवर अवलंबून असते. म्हणूनच या व्यवस्थेत सर्वाधिक हानी झाली ती कवीची.

दुसरा प्रश्न क्रमाचा. सर्व खाचांतून वाटेल ते उचलून वाजवण्याची सोय हे या यंत्राचे मोठेच आकर्षण. अभंगांची गाथा कोठूनही उघडावी, तिचे काही बिघडत नाही. पण ‘गीतरामायण’ घ्या. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्यास एक याप्रमाणे प्रसारित झालेली ग. दि. माडगूळकरांची ही ५६ गीते कथाक्रमाने बांधलेली आहेत. वनवासानंतर स्वयंवर आणि मग रामजन्म असे ऐकू आले तर गीते उरतात, काव्य उरत नाही. ख्यालाच्या मुद्रणात विलंबित आणि द्रुत हे दोन भाग पुष्कळदा वेगवेगळ्या क्रमांकांवर असतात. यंत्र त्यांची बेलाशक ताटातूट करते. कोणती कृती मुक्तक आहे आणि कोणती प्रबंध, हा भेद काव्यशास्त्राने कधीच सांगितला आहे. यंत्राला तो ठाऊक नाही. ठाऊक असायला हवा तो मालकाला.

यावर कोणी म्हणेल, अनपेक्षित शेजारातही रस असतो. लावणीनंतर अचानक भजन लागले की दोन्ही नव्याने ऐकू येतात. आम्हांस हे मान्य आहे. नियतकालिकाच्या अंकात वा काव्यसंग्रहात आपण हाच आनंद घेतो. परंतु तेथे प्रत्येक कवितेखाली कवीचे नाव असते. शेजार बदलला तरी नाव सुटत नाही. आमचा आक्षेप यदृच्छेला नाही, निनावीपणाला आहे.

हे सारे आज सांगण्याचे कारण, ही यंत्रे आता मोडीत निघत आहेत. घरांतून आणि महाविद्यालयांच्या भाषा विभागांतूनही. कपाटात बंद पडलेल्या यंत्राच्या पोटात तबकड्या तशाच असतात, आणि काही ठिकाणी त्यांत विभागानेच नोंदवलेली व्याख्याने, काव्यवाचने असतात. घरगुती नोंदीच्या तबकड्यांत सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो. ऊन आणि उष्णता त्याला सोसत नाहीत. त्यामुळे यंत्र भंगारात देण्यापूर्वी झाकण उघडावे, तबकड्या काढाव्यात, माळ्यावरची वेष्टने खाली आणून जोड्या लावाव्यात, आणि ज्यांवर काहीच लिहिलेले नाही त्या ऐकून, जाणत्यांना विचारून नोंदी कराव्यात : कृती, कवी, गायक वा वक्ता, स्थळ, वर्ष. नोंदी देवनागरीत असाव्यात. पदव्युत्तर वर्गाला पाठसंपादन शिकवताना याहून जिवंत स्वाध्याय सापडणे कठीण.

तबकड्यांची जागा आता आंतरजालावरील प्रवाहाने घेतली आहे आणि तेथे खाचांची संख्या अगणित आहे. तरीही एखादे जुने भावगीत लावावे, तर गायकाचे नाव ठळक दिसते आणि कवीचे शोधावे लागते, असा अनुभव पुष्कळांना येत असेल. चेंजर गेला, त्याने लावलेली सवय राहिली. ती मोडण्याचे काम यंत्रे करणार नाहीत. ते साहित्याच्या विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे काम आहे, आणि आपापल्या विभागातील एका बंद कपाटापासून ते सुरू करता येईल.