इभ्रत आणि इबरत

गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या गावांतही मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी या गाड्या दिसू लागल्या आहेत. सगळ्याच काही कारखानदारांच्या नसतात. बऱ्याच जुन्या असतात, नंबरप्लेट दिल्ली किंवा हरियाणाची असते आणि किंमत विचारली तर नव्या छोट्या गाडीइतकीच निघते. मग घराघरांत एकच चर्चा सुरू होते : एवढ्याच पैशांत ही येत असेल, तर ती का घ्यायची?

आमच्या घरात हा प्रश्न धाकट्या भावाने आणला. तो चौदा वर्षे आखातात ड्रायव्हर होता. मालकाच्या उंची गाड्या त्याने चालवल्या, पुसल्या, त्यांचे दरवाजे उघडले आणि लावले. आता तो कायमचा परत आला आहे. गाठीला सोळा लाख आहेत. मुलगी अकरावीला आहे, तिला फार्मसीला जायचे आहे. आणि भावाच्या मोबाईलमध्ये एका काळ्या जर्मन गाडीचा फोटो आहे : 2016 चे मॉडेल, डिझेल, दिल्ली पासिंग, मीटरवर 78 हजार किलोमीटर, मागणी साडेअकरा लाख.

“आपा, चौदह साल दूसरों की चलाई. एक बार अपनी में अम्मी को बिठाना है,” तो म्हणाला.

यावर ‘उधळपट्टी’ हा शब्द वापरून विषय संपवणे सोपे होते. पण आम्हाला ते बरोबर वाटले नाही. ज्याने कष्ट केले त्याच्या शौकाला निदान हिशेबाइतका तरी मान द्यावा. म्हणून आम्ही वही घेतली आणि त्याच्याबरोबर बसलो.

पहिला प्रश्न होता, गाडी इतकी स्वस्त का? तिथे दिल्लीचा कायदा आडवा येतो. राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात 2014 मध्ये पंधरा वर्षांवरील आणि 2015 मध्ये दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आदेश उचलून धरले. त्यामुळे दहा वर्षे जवळ आली की तिकडच्या डिझेल गाडीचा भाव पडू लागला आणि ती आपल्याकडे येऊ लागली. म्हणजे स्वस्त गाडी खराबच असते असे नाही. पण ती स्वस्त का आहे, हे माहीत असले पाहिजे.

दुसरा प्रश्न कागदपत्रांचा. परराज्यातली गाडी आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28 लागतो. नाव ट्रान्सफरसाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात. गाडीवर कर्ज असेल तर ‘एचपी’ उतरवण्यासाठी फॉर्म 35 आणि बँकेचे पत्र हवे. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवायची तर नवा नंबर घ्यावाच लागतो. नवा नंबर घेताना महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो. हा टॅक्स तुम्ही गाडी कितीला घेतली यावर नव्हे, तर तिची मूळ किंमत आणि वय यांवरून निघतो. जी गाडी नवी असताना चाळीस-पंचेचाळीस लाखांची होती, तिचा टॅक्स साडेअकरा लाखांच्या हिशेबाने येत नाही. एजंट हे शेवटी सांगतो, आपण आधी विचारावे.

‘नाव नंतर करू, आधी गाडी घेऊन जा’ असे कुणी म्हटले तर तिथूनच परत फिरावे. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे त्याच्यावर येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच दिला आहे. हे गाडी विकणाऱ्यांनी तर जास्तच लक्षात ठेवावे. घेणाऱ्यांनी विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तेव्हा त्याचा जुना हप्ता पाहून हुरळून जाऊ नये.

तिसरा प्रश्न गाडीच्या तब्येतीचा. आमच्या ओळखीच्या फिटरने दोन गोष्टी सांगितल्या. एक, मीटरवर विश्वास ठेवू नका, चेसिस नंबर देऊन कंपनीच्या वर्कशॉपमधून सर्व्हिसची नोंद काढा. ज्या गाडीची शेवटच्या चार वर्षांची नोंदच नाही, तिचा मीटर कितीही कमी असला तरी त्याला अर्थ नाही. दोन, पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला शिका. 2019 च्या महापुरात सांगली-कोल्हापुरात काय झाले ते आपण पाहिले आहे. कार्पेट उचलून वास घ्यावा, सीटच्या खालच्या पट्ट्यांवर गंज आहे का पाहावे, डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात आणि सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याच्या टोकाशी गाळ आहे का बघावे. उंची गाडीत जागोजागी इलेक्ट्रॉनिक्स असते. पाणी एकदा आत गेले की दुखणे वर्षभराने वर येते.

शिवाय अशा गाडीला स्कॅनर लावून तपासल्याशिवाय एक रुपयाही विसार देऊ नये. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, एअर सस्पेन्शन असेल तर त्याचे फुगे, डिझेलचा इंजेक्टर आणि टर्बो : यांपैकी एकही काम निघाले तर बिल लाखाच्या घरात जाऊ शकते. अनेक गाड्यांना रन-फ्लॅट टायर असतात आणि स्टेपनीच नसते. तसा एक टायर घ्यायला साध्या गाडीच्या चार टायरांइतके पैसे जाऊ शकतात.

मग आम्ही वर्षाचा खर्च मांडला. महिन्याला 900 किलोमीटर, लिटरला 13 चे ॲव्हरेज आणि 90 रुपयांचे डिझेल धरले तर वर्षाला सुमारे 75 हजार. विमा 45 हजार धरला. सर्व्हिस आणि किरकोळ कामे 60 हजार. अचानक निघणाऱ्या मोठ्या कामासाठी दरवर्षी एक लाख बाजूला. बेरीज दोन लाख ऐंशी हजार, म्हणजे महिन्याला तेवीस हजारांच्या वर. भाऊ जे दुकान टाकणार आहे, त्यातून सुरुवातीला तीस हजार सुटले तरी नशीब समजायचे.

हत्ती विकत घेणे परवडते, पोसणे परवडत नाही, हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. उंची गाडीची किंमत आठ वर्षांत चौथाईवर येते. तिच्या स्पेअर पार्टची किंमत मात्र तिथेच राहते. साडेअकरा लाखांना घेतलेली गाडी दुरुस्तीच्या वेळी पंचेचाळीस लाखांचीच असते.

दलालाने मधला मार्ग सुचवला : निम्मे रोख, निम्मे लोन, पैसे दुकानात घाला. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्या गाडीपेक्षा सहसा जास्त असतो, हे एक. आणि आमच्या घरात अब्बांनी पतसंस्थेचा उंबरा कधी ओलांडला नाही. शौकासाठी व्याजात शिरणे भावालाही मंजूर नव्हते. तो विषय तिथेच मिटला.

वर्गात आम्ही मराठीही शिकवतो आणि उर्दूही. दोन्हीकडे जवळजवळ सारखा दिसणारा एक शब्द आहे. मराठीत ‘इभ्रत’ म्हणजे अब्रू, लोकांतला मान. उर्दूत ‘इबरत’ म्हणजे दुसऱ्यावर गुजरलेले पाहून आपण घेतलेला धडा. जुनी उंची गाडी बहुतेक वेळा पहिल्यासाठी घेतली जाते आणि दोन वर्षांनी मोहल्ल्याला दुसऱ्याच्या उपयोगी पडते. ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या, बॅटरी उतरलेल्या अशा दोन गाड्या आमच्या रस्त्यावर आहेत. त्यांच्या मालकांना हसणाऱ्यांत आम्ही नाही. पण तिथून जाताना हिशेब आठवतो.

दुसरा शब्द ‘ऐब’. फिक्हमध्ये ‘खियार-ए-ऐब’ आहे : विकणाऱ्याने वस्तूतला दोष लपवला असेल, तर घेणाऱ्याला सौदा मोडण्याचा हक्क राहतो. आपण घेताना हा हक्क आठवतो, विकताना मात्र ‘जशी आहे तशी’ म्हणून मोकळे होतो. आपली गाडी विकताना तिचा अपघात, तिचा गिअरबॉक्स, तिचे पाणी स्वतःहून सांगावे. भाव थोडा कमी येईल, पण झोप पूर्ण लागेल.

गाडी प्रत्यक्ष पाहायला भाऊ अम्मीला घेऊन गेला. त्याने मागचा दरवाजा उघडून धरला. अम्मी बसल्या खऱ्या, पण सीट इतकी खाली की उठताना गुडघे साथ देईनात. दोघांनी हात धरून त्यांना बाहेर काढले. “बेटा, गाडी अच्छी है. पन मेरेकू रिक्षा में चढना आसान है,” एवढेच त्या म्हणाल्या. वहीतले सगळे आकडे भावाने ऐकून घेतले होते आणि तरी त्याचे मन अडलेच होते. अम्मींच्या गुडघ्यांपुढे ते अडले नाही. ज्यांच्यासाठी गाडी घ्यायची, त्यांनाच तिच्यात बसता येत नव्हते.

त्याने विसार दिला नाही. सध्या तो उंच सीटची, आपल्याच जिल्ह्याच्या पासिंगची, चार-पाच वर्षांची साधी गाडी शोधतो आहे. बजेट सहा लाख. उरलेल्यातून मुलीच्या फार्मसीचे पैसे वेगळे काढले आहेत, त्यांना हात लावायचा नाही असे त्यानेच ठरवले. काळ्या गाडीचा फोटो अजून मोबाईलमध्ये आहे. असू दे.

मग जुनी उंची गाडी कुणीच घेऊ नये का? तसे आमचे म्हणणे नाही. पैसे पूर्ण रोख आहेत, किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी आहे, गाडी आपल्याच राज्यातली आणि नोंदी असलेली आहे, ती दुरुस्त करणारा माणूस गावात किंवा जवळच्या शहरात आहे, आणि तिच्यामुळे घरातल्या कुणाची फी किंवा कुणाचे औषध थांबत नाही : या पाचही गोष्टींना ‘हो’ असेल, तर बिस्मिल्ला करून खुशाल घ्या आणि मजेत चालवा. एकाही ठिकाणी अडखळलात तर थोडे थांबा. जुन्या गाड्या बाजारात रोज येतात. आज सोडली म्हणून संधी संपत नाही.

आणि पाहायला जाताना घरातल्या थोरांना बरोबर न्या. फिटरला जे दिसत नाही, ते कधीकधी त्यांना बसल्या बसल्या कळते.